घाटाचा हिशेब

सायकल ही आपल्या घरात नवी वस्तू नाही. भंडारा जिल्ह्यात कुणाच्या वडिलांनी सायकलवर दूध घातले, कुणी विड्यांचा माल कारखान्यात पोचवला, कुणी धानाचे पोते कॅरिअरला बांधून गिरणीवर नेले. चळवळीतल्या जुन्या मंडळींनी तर पत्रकांचा गठ्ठा मागे आणि सतरंजीची वळकटी पुढे लावून गावेच्या गावे पालथी घातली. सायकलने आपल्याला पोट दिले, शाळा दिली, सभाही दिली. पण सायकल मौजेसाठी चालवावी, डोंगर चढावा, दुसरा मुलूख पाहावा, हे मात्र आपल्या घरात फारसे कुणी केले नाही. ते ‘मोठ्या लोकांचे काम’ असे आपण धरून चाललो. ही समजूत कितपत खरी, याचा हिशेब आज मांडायचा आहे.

निमित्त एका पत्राचे. साकोलीकडच्या एका मातेने लिहिले आहे: “आदरणीय भाऊ, सप्रेम जयभीम. मुलगी बारावीला आहे. तिचा मावसभाऊ पुण्याला नोकरीला असून तो आणि त्याचे मित्र सुटीच्या दिवशी सायकलने घाट चढतात. हिवाळ्यात खंडाळ्याचा घाट चढून कार्ल्या-भाज्याची लेणी पाहायला जाणार आहेत. सोबत दोन मुलीही आहेत. आमचीही जातो म्हणते. तिचे बाबा म्हणतात, पोरीच्या जातीला घाट कशाला? शिवाय तिची सायकल शाळेत मिळालेली, साधी. त्या पोरांच्या सायकली चाळीस-चाळीस हजारांच्या. तिची फजिती तर होणार नाही ना? पाठवू की नको?”

प्रश्न साधा आहे आणि घरोघरचा आहे. ताई, आम्ही पडलो कारकून माणूस, आमचे शिक्षण बी. कॉम.चे. तेव्हा उपदेशापेक्षा जमाखर्चच मांडून दाखवतो. निर्णय शेवटी घरात बसून तुम्हीच करायचा आहे.

डोंगर कशाचा?

आधी ज्या डोंगराविषयी बोलायचे तो समजून घेऊ. सह्याद्री हा ज्वालामुखीच्या दगडाचा डोंगर आहे. ज्वालामुखी म्हटले की शंकूसारखा उंच पर्वत आणि त्याच्या टोकातून धूर असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. महाराष्ट्रात तसे घडले नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला मोठमोठ्या भेगा पडून त्यांतून पातळ लाव्हा बाहेर आला आणि दूरवर पसरला. तो थिजला, त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. असे थरावर थर चढून काळा पाषाण तयार झाला. त्यालाच शास्त्रज्ञ बेसाल्ट म्हणतात. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर हा दगड पसरलेला आहे आणि पश्चिमेकडे त्याची जाडी दोन हजार मीटरच्या घरात जाते. शास्त्रीय पुस्तकांत या खडकांना ‘दख्खन ट्रॅप’ म्हणतात. यातला ‘ट्रॅप’ हा शब्द स्वीडनच्या भाषेतल्या ‘पायरी’ या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. सह्याद्री लांबून पाहिला तर तो खरोखर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. कठीण थराचा उभा कडा, त्यावर थोडी सपाटी, पुन्हा कडा. सायकलवाल्याला या पायऱ्या डोळ्यांआधी मांड्यांना कळतात.

आपला भंडारा या लाव्ह्याच्या बाहेर राहिला. काळ्या पाषाणाची पूर्वेकडची हद्द नागपूरच्या आसपास संपते. नागपूरच्या सीताबर्डीची टेकडी त्याच दगडाची आहे. तेथून इकडे वैनगंगेच्या खोऱ्यात आलो की लाव्ह्याहून कितीतरी जुने खडक लागतात. तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीजच्या खाणी याच जुन्या खडकांत आहेत. आपली जमीन तलावांची, धानाची आणि बरीचशी सपाट. इकडच्या पोरांना पाच-दहा किलोमीटर सायकल मारायची सवय असते. दोन तास सतत चढण चढायची मात्र नसते. कमतरता असेल तर ती सवयीची आहे. ताकदीची किंवा रक्ताची नाही.

चढणीचा जमाखर्च

आता आकड्यांकडे वळू. खोपोली समुद्रसपाटीपासून जेमतेम साठ-सत्तर मीटर उंचीवर आहे, तर लोणावळा सहाशेच्या पुढे. म्हणजे बोरघाट चढणाऱ्याला साधारण पाचशे मीटर तरी उंची गाठावी लागते. समजा मुलगी ५० किलोची, सायकल २० किलोची, पाणी-पिशवी ५ किलोची. एकूण ओझे ७५ किलो. हे ओझे पाचशे मीटर वर न्यायला जे काम पडते ते सुमारे ८८ किलोकॅलरी. माणसाचे शरीर खाल्लेल्या अन्नापैकी पाचवा-चौथा हिस्साच अशा कामाला लावू शकते, बाकीची उष्णता होऊन जाते. तेव्हा अन्नाचा खर्च धरा सुमारे ४०० किलोकॅलरी. रस्त्याचे घर्षण आणि वारा यांचे थोडे वर जाईल. म्हणजे अख्खा बोरघाट चार-पाच पोळ्यांचा आहे! आपल्या घरची लेक पऱ्हे लावायला गेली तर यापेक्षा जास्त काम करून येते. फक्त त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

दुसरा आकडा वेळेचा. हीच उंची एका तासात चढायची तर शरीराला सतत सुमारे १०० वॅटचा जोर लावावा लागतो. दोन तास घेतले तर निम्माच जोर पुरतो. घाटात दम लागून बसणारे बहुतेक जण कमजोर नसतात. ते पहिल्या दोन किलोमीटरमध्येच घाई करून बसलेले असतात. म्हणून घाटाचा पहिला नियम असा की शेजारून कोण पुढे गेले ते पाहायचे नाही. बोलता येईल इतक्याच दमाने चालवायचे. सोबतिणीशी एक वाक्य सलग बोलता येईना, की वेग कमी करायचा.

तिसरा आकडा सायकलच्या किमतीचा. चाळीस हजारांच्या सायकलीत असते काय? ती वजनाला हलकी असते. समजा आपली २० किलोची आणि ती १२ किलोची. ७५ किलोच्या ओझ्याचे ६७ झाले. शंभर रुपयांच्या बिलात अकरा रुपयांची सूट मिळाली म्हणा. सूट वाईट नाही, पण तेवढ्याने घाट सपाट होत नाही. खरा फरक पडतो गिअरने.

साध्या सायकलला पुढच्या चेनव्हीलला ४४ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते असले तर पायडल एकदा फिरवल्यावर सायकल जवळजवळ साडेपाच मीटर पुढे जाते. वीस मीटरला एक मीटर अशी चढण असेल तर त्या एका फेऱ्यात ७५ किलोचे ओझे २७ सेंटिमीटर उचलले जाते आणि पायावर सरासरी १९ किलोचा दाब पडतो. गिअरच्या सायकलीवर पुढे ३४ आणि मागे ३४ दाते लावले, तर एका फेऱ्यात सायकल दोन मीटरच जाते आणि पायावर दाब पडतो सात-साडेसात किलोचा. फेरे अडीचपट मारावे लागतात, पण प्रत्येक फेरा हलका. तेच पोते एकदम उचलण्याऐवजी पायलीपायलीने वर नेण्यासारखे आहे.

तेव्हा, ताई, तुमच्या लेकीची फजिती होईल का? शाळेच्या सायकलीवर अख्खा घाट चढवायचा हट्ट धरला तर गुडघे दुखतील आणि निम्मा घाट हातात धरून न्यावी लागेल. पण यावर चाळीस हजार हा काही एकच उपाय नाही. पहिला उपाय म्हणजे सायकल दुकानात मागचे १८ दात्यांचे फ्रीव्हील काढून २२ दात्यांचे बसवून घ्या. चेनला एखाद-दोन कडी जोडावी लागते. एवढ्याने पायावरचा दाब जवळपास पाचव्या हिश्शाने उतरतो आणि रोजच्या शाळेच्या रस्त्यावर ओव्हरब्रिजही सोपा जातो. दुसरा, तीन-चार दिवसांपुरती गिअरची सायकल त्या मावसभावाच्या मित्रांकडून मागून घ्यावी. ज्याच्याकडे एक आहे त्याच्याकडे बहुधा दुसरीही असते. आणि सायकल हातात धरून दोन वळणे चालत जाण्यात लाज वाटून घेऊ नये. शर्यतीत उतरलेली मोठमोठी माणसेसुद्धा कधी ना कधी उतरून चालली आहेत.

उताराचा खर्च वेगळा

चढणीला पोळ्या लागतात, उताराला अक्कल लागते. घाटातले अपघात बहुतेक उतारावर होतात. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर चौपट होते, हे मुलीने पाठ करून ठेवावे. दोन्ही ब्रेक मिळून वापरायचे, वळण येण्याच्या आधी वेग कमी करायचा, वळणात मध्येच पुढचा ब्रेक करकचून दाबायचा नाही. ब्रेक सतत घासत ठेवला तर रिम तापते. म्हणून दाबा-सोडा, दाबा-सोडा असे करावे आणि मधे थांबून हाताने चाचपून पाहावे. ओल्या रिमवर ब्रेक फार कमी धरतो. पावसाळ्यात सह्याद्रीत धुके, शेवाळ आणि दरडी असतात, तेव्हा नवख्याने त्या काळात जाऊच नये. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला.

मुलींसाठी आणखी एक सूचना. ओढणी आणि सैल सलवारीची किनार चेनमध्ये किंवा चाकात अडकून भर रस्त्यात पडल्याचे प्रकार आपल्याकडे नवे नाहीत. घाटात ओढणी घरी ठेवावी किंवा कुडत्याच्या आत घट्ट बांधावी, आणि सलवारीच्या घोट्याला रबर लावावे. हेल्मेट हवेच. बसायची सीट इतकी उंच हवी की पायडल खाली असताना गुडघा जवळजवळ सरळ व्हावा. सीट खाली ठेवून चालवल्यामुळेच निम्म्या लोकांचे गुडघे दुखतात आणि दोष मात्र घाटाला मिळतो.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलीला मनाई आहे, जुन्या रस्त्यानेच जावे लागते. घाटात अवजड गाड्यांची वर्दळ असते. म्हणून पहाटे निघावे, एकामागे एक चालावे, मागे लाल दिवा असावा आणि शक्य तर गटाची एक मोटार मागून येत राहावी. मावसभावाला हे चारही प्रश्न आईने स्वतः फोन करून विचारावेत. नीट उत्तर देणाऱ्या गटाबरोबरच पाठवावे. आईने विचारपूस केली तर मुलीचा अपमान होत नाही.

पत्रात न विचारलेला प्रश्न

आता जे ताईंनी विचारले नाही ते आम्ही विचारतो. मुलीची सिकलसेलची तपासणी झाली आहे काय?

विदर्भात, आणि त्यातही आपल्या समाजात व आदिवासी बांधवांत, हा रक्ताचा आजार बराच आढळतो. तो आईबापांकडून मुलांना येतो. एकाच पालकाकडून दोष आला तर मूल ‘वाहक’ होते, त्याला सहसा काही त्रास नसतो. दोन्ही पालकांकडून आला तर मूल ‘रुग्ण’ होते. रुग्णाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. अतिश्रम, अंगातले पाणी कमी होणे आणि थंडी ही हा त्रास उसळायची मोठी कारणे आहेत. हिवाळ्यात घाट चढताना तिन्ही एकत्र येतात.

म्हणून रुग्ण असलेल्या मुलामुलीने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घाटाचे नावही काढू नये. वाहक असेल तर घाबरायचे कारण नाही. जगभर असे खेळाडू मैदानात उतरतात. पण त्याने पाणी वेळोवेळी प्यावे, जोराची चढाओढ करू नये, आणि स्नायू विलक्षण दुखू लागले, अशक्तपणा किंवा धाप वाटली तर तिथेच थांबून दवाखाना गाठावा. ‘थोडे सोस’ म्हणणाऱ्याचे ऐकू नये. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले, त्यात तरुण मुलामुलींच्या तपासणीवरच भर आहे. हिमोग्लोबीनही त्याच वेळी पाहून घ्यावे. आपल्या मुलींचे रक्त कमी असते आणि दम लागला की घरचे म्हणतात ‘पोरगी आळशी आहे’. सायकलच्या निमित्ताने ही एक चिठ्ठी जरी घरात आली, तरी घाट चढल्याचे अर्धे पुण्य पदरात पडले.

हा खेळ कुणाचा?

मोठ्या लोकांचे काम, या समजुतीकडे परत येऊ. मुंबई-पुणे सायकल शर्यत जुन्या वाचकांना ठाऊक असेल. त्या शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणत. हा किताब पैशाने विकत मिळत नसे. अलीकडे, जानेवारी २०२६ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या डोंगराळ रस्त्यांवर ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय शर्यत झाली आणि सह्याद्रीच्या चढणी परदेशी सायकलपटूंनीही अनुभवल्या.

सपाट मुलखाचा माणूस डोंगरात टिकत नाही, असेही कुणी म्हणेल. आपल्या शेजारच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीच्या आत पुरी केली. वाटेत रॉकी पर्वत आहे. २०१८ साली त्यांनी मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही नऊ हजारांवर किलोमीटरची शर्यतही पार केली. नागपूरच्या आसपास कुठे आहे एवढा डोंगर? पण तयारी केली आणि जमले.

जगाकडे पाहिले तर हा खेळ सर्वांचा आपोआप झालेला नाही, हेही दिसते. अमेरिकेतल्या सायकलस्वारांच्या मोठ्या संघटनेने १८९४ साली काळ्या माणसांना सभासद होण्यास बंदी घातली. त्याच काळात मेजर टेलर हा काळा तरुण शर्यतींत उतरत होता. त्याला रस्त्यात अडवले गेले, हॉटेलांत जागा नाकारली गेली, तरी १८९९ साली मॉन्ट्रियल येथे तो एक मैलाच्या शर्यतीत जगज्जेता झाला. संघटनेने ती बंदी अधिकृतपणे मागे घेतली ती १९९९ साली! शंभराहून अधिक वर्षे लागली. पाणवठ्याची बंदी ज्यांच्या आज्या-पणज्यांनी भोगली, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आणि ज्वालामुखीच्या डोंगराचे म्हणाल तर आफ्रिकेतील रुवांडा देशाचे उदाहरण पाहावे. विरुंगा पर्वतरांगेतले ज्वालामुखी उत्तरेला उभे, आणि त्यांच्या पायथ्याच्या मुसांझे गावी तेथील सायकलपटूंचे शिक्षण केंद्र उभे राहिले. १९९४ साली त्या देशात भीषण नरसंहार झाला. त्यात आद्रियां नियोन्शुती या मुलाचे सहा भाऊ मारले गेले. तोच मुलगा पुढे सायकलपटू झाला आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपल्या देशाचा झेंडा घेऊन चालला. सप्टेंबर २०२५ मध्ये रस्त्यावरील सायकल शर्यतीची जागतिक स्पर्धा त्याच रुवांडाची राजधानी किगाली येथे भरली. आफ्रिका खंडात ती पहिल्यांदाच होत होती. त्याआधी २०२४ साली इरिट्रियाच्या बिनियाम गिरमे याने फ्रान्सच्या जगप्रसिद्ध ‘टूर द फ्रान्स’मध्ये तीन टप्पे जिंकून हिरवी जर्सी मिळवली. तिथे टप्पा जिंकणारा तो पहिला काळा आफ्रिकी. डोंगरातल्या गरीब देशांची पोरे हे करू शकतात, तर साकोलीच्या पोरीने खंडाळ्याचा घाट चढण्यात आश्चर्य ते काय?

घाट कुणी बांधला, कुणी कोरला

या रस्त्यावरून जाताना मुलीने दोन गोष्टी डोळे उघडे ठेवून पाहाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे हा घाट ज्यांनी फोडला ती माणसे. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. त्या काळचा ‘अमृतांजन पूल’ म्हणून ओळखला जाणारा दगडी पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला गेला. पुढे १८६३ साली याच घाटातून आगगाडी वर आली. ते काम ऐन भरात असताना चाळीस हजारांवर मजूर राबत होते. पटकीने, सुरुंगाने आणि कड्यावरून पडून त्यांतले हजारो दगावले. इंग्रजांना घाटाची वाट शिंगरोबा नावाच्या धनगराने दाखवली असे सांगतात, त्याचे छोटे देऊळ घाटात आहे. इंजिनिअरांची नावे पुस्तकात सापडतात. मजुरांची सापडत नाहीत. चढताना धाप लागली की त्यांची आठवण करावी.

दुसरी गोष्ट लेण्यांची. घाट चढून लोणावळ्याच्या पुढे गेले की मळवली स्टेशनच्या एका बाजूला कार्ले, दुसऱ्या बाजूला भाजे. घाटाच्या माथ्याशीच लेणी का? कोकणातल्या कल्याण-सोपाऱ्यासारख्या बंदरांतून माल वर देशावर येई तो याच घाटवाटांनी. व्यापारी आणि बैलांचे तांडे घाट चढून थकत. भिक्खूंना वर्षावासासाठी निवारा लागे, व्यापाऱ्यांना धम्म ऐकायला आणि दान द्यायला ठिकाण मिळे. आणि दगड होता तो हाच, लाव्ह्याचा. आडव्या थरांचा, एकसंध, छिन्नी लावली तर न फुटता कोरला जाणारा. ज्या थरांमुळे सायकलवाल्याचा दम निघतो, त्याच थरांनी आपल्याला चैत्य आणि विहार दिले.

भाज्याची लेणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासूनची. कार्ल्याचा चैत्य त्यानंतरचा, सुमारे अडतीस मीटर लांब, आणि त्याच्या छताच्या लाकडी फासळ्या आजही जागेवर आहेत. तेथील ब्राह्मी लेखांत दात्यांची नावे आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, दूरदेशीचे यवन आहेत, सुगंधी वस्तू विकणारा सिंहदत्त आहे, सामी नावाचा सुतार आहे आणि भिक्खुणीही आहेत. श्रेष्ठीचे नाव कोरले त्याच दगडावर सुताराचे आणि बाईचे नाव कोरले. दोन हजार वर्षांपूर्वी! ‘पोरीच्या जातीला’ म्हणणाऱ्या बाबांना मुलीने हा लेख वाचून दाखवावा.

आपल्याकडे पवनीला १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले तेव्हा वैनगंगेकाठी त्या जुन्या काळचाच भव्य स्तूप सापडला. आपल्याकडे लाव्ह्याचा कडा नव्हता, म्हणून लेणे कोरता आले नाही. लोकांनी स्तूप बांधला. जमीन वेगळी असली तरी धम्म एकच. म्हणून आमचे म्हणणे असे की खंडाळ्याला जाण्याआधी मुलीने भंडाऱ्याहून पवनीला एकदा सायकलने जाऊन यावे. जाऊन-येऊन पायांची परीक्षाही होईल आणि घरचे आधी पाहिल्याचे समाधानही मिळेल.

तयारी घरच्या घरी

सपाट मुलखात घाटाची तयारी होते. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने तासभर सायकल चालवावी, वारा हाच आपला घाट. तलावाच्या पाळीवर किंवा पुलाच्या चढावर दहा वेळा वर-खाली करावे. पुढे आंबागडच्या बाजूला टेकड्यांचे रस्ते आहेत. आठवड्यातून तीन दिवस, असे दोन महिने केले तरी पुरे. ज्यांना सह्याद्रीआधी लाव्ह्याचा डोंगर चढून पाहायचा असेल त्यांनी अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याचा विचार करावा. तोही त्याच काळ्या पाषाणाचा, उंची १,११८ मीटर. परिसर मेळघाटच्या वाघांचा, तेव्हा अंधार पडण्याआत मुक्कामी पोचावे. पुण्याला जायला भंडारा रोडवरून महाराष्ट्र एक्स्प्रेस सोयीची आहे. पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलने मळवलीला उतरता येते.

शेवटी पैशाचे. मानव विकास कार्यक्रमातून आपल्या जिल्ह्यातल्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. २०२२ साली सरकारने त्यासाठीची रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार केली. पण मुलगी बारावी झाली की ती सायकल बहुतेक घरांत भावाकडे जाते किंवा गोठ्यात गंजते. सायकल मुलीच्या नावे आली, ती मुलीकडेच राहिली पाहिजे.

आणि गावोगावच्या महिला व युवक मंडळांना आमची सूचना आहे. जयंतीच्या वर्गणीतून मंडपाचा एक पडदा कमी लावा. त्या पैशात एक जुनी, पण चांगली गिअरची सायकल, चार हेल्मेट, हवेचा पंप आणि पंक्चरचे सामान घ्या. वही ठेवा, सायकल तीन-तीन दिवसांसाठी मुलामुलींना आळीपाळीने द्या. मुलींची पाळी आधी. सिकलसेलची तपासणी झाल्याची चिठ्ठी दाखवल्याशिवाय घाटासाठी सायकल द्यायची नाही, हा नियम करा. वहीतला जमाखर्च कसा लिहायचा ते आम्ही येऊन दाखवू, त्याची फी एक कप चहा.

साकोलीच्या ताईंना आमचे उत्तर असे: आधी रक्त तपासा, फ्रीव्हील बदला, मावसभावाला चार प्रश्न विचारा, आणि मग लेकीला पाठवा. तिच्या बाबांनाही सोबत जाऊ द्या. मागून येणाऱ्या मोटारीत एक जागा बहुधा रिकामी असेल.